प्लॅटिनम ‘जब्ली’: १०,८०० नग आणि कुणीच न वाचलेली एक ओळ

मे २०२२ मधली गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये होलसेल क्लिअरन्स यूके नावाची कंपनी आहे, अडकलेला, परत आलेला, रद्द झालेला माल घाऊकमध्ये उचलायचा आणि पुढे विकायचा हा तिचा धंदा. तिने १०,८०० नगांची क्रोकरी एकगठ्ठा विक्रीला काढली. चहाचे कप, मग, शोभेच्या प्लेट्स, सगळ्यांवर राणी एलिझाबेथ आणि तिच्या राज्यारोहणाला ७० वर्षं झाली त्याची आठवण म्हणून इंग्रजीत एक ओळ. माल चीनमध्ये बनलेला. आणि त्या ओळीत ‘प्लॅटिनम ज्युबिली’च्या जागी ‘प्लॅटिनम जब्ली’ असं छापलेलं. एखाद्या पेटीत नाही, सगळ्याच्या सगळ्या १०,८०० नगांवर.

सगळा माल मिळून किंमत लावली होती ३२,४०० पौंड. भागून बघा, बरोबर ३ पौंडाला एक नग पडतो. आपल्या रुपयात तेव्हा सगळा मिळून ३० लाखांच्या वर, आणि एक कप तीनशेच्या आसपास.

बातमी जगभर फिरली, लोक हसले आणि विसरले. मी मात्र यात बराच वेळ अडकलो, कारण माझं पोट छपाईवर चालतं, आणि असा माल बघितला की मला हसू यायच्या आधी पोटात गोळा येतो. ही चूक कशी झाली असेल, कुठे थांबवता आली असती, आणि झाल्यावर त्या मालाचं काय करता येत होतं, हे नीट एकदा मांडायचं होतं.

आधी हा शब्द. नुसती वेलांटी चुकली असती किंवा एखादं अक्षर गळलं असतं तर इतकी बातमी झालीच नसती. पण ‘जब्ली’ हा ब्रिटनमध्ये जिवंत शब्द आहे. तिकडे पूर्वी ‘जब्ली’ नावाचं संत्र्याचं पेय त्रिकोणी खोक्यात मिळायचं, पोरं ते गोठवून खायची, आणि त्याची जाहिरात होती ‘लब्ली जब्ली’. पुढे बीबीसीवरच्या ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या प्रचंड गाजलेल्या विनोदी मालिकेतल्या डेल बॉयच्या तोंडी ‘लव्हली जब्ली’ बसलं आणि ते घराघरात गेलं. आता हा डेल बॉय कोण, तर लंडनच्या पेकहॅम भागातला फुटपाथवर संशयास्पद माल विकणारा विक्रेता! म्हणजे राणीच्या सोहळ्याच्या मालावर नेमका असा शब्द आला की वाचणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश माणसाला पहिल्यांदा तोच आठवावा. शिवाय या शब्दाच्या अनेकवचनाला तिकडच्या बोलीभाषेत बाईच्या छातीबद्दलचा चावट अर्थही आहे. राणीचं वय तेव्हा ९६. ज्या कुणी ही ऑर्डर दिली असेल त्याला पहिला कप हातात घेतल्यावर काय वाटलं असेल याची मला कल्पना येते, आणि खरंच वाईट वाटतं.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बातमीखाली बहुतेकांनी पहिला दोष दिला चीनच्या कारखान्याला, इंग्रजी येत नाही, दुसरं काय होणार वगैरे. मला हे पटत नाही. ज्याला भाषा येत नाही तो माणूस अक्षरं चित्रासारखी बघून उतरवतो. त्याच्या हातून अक्षर गळतं, उलटं होतं, दोन अक्षरं जागा बदलतात, म्हणजे चूक होते ती निरर्थक होते. इथे शब्दाचं अख्खं शेपूट बदललंय आणि बदलून जे तयार झालंय तो चालू बोलीतला शब्द आहे. माझा अंदाज असा की हा शब्द इंग्रजी कानावर असलेल्या कुणीतरी टाइप केला, सवयीने म्हणा, गंमत म्हणून तात्पुरता टाकलेला तसाच राहिला म्हणा, किंवा आपोआप दुरुस्त्या करणाऱ्या कीबोर्डने बदलला म्हणा. कारखान्याने बहुधा मिळालेली फाइल इमानदारीने छापली. छापणाऱ्याचं कामच ते आहे, समोर आलेलं जसंच्या तसं उतरवणं.

आता कपावर छपाई कशी होते ते थोडं सांगतो, कारण सगळं उत्तर त्यात आहे. चिनीमातीच्या भांड्यावर सहसा थेट छापत नाहीत. आधी डीकॅल बनतं, म्हणजे खास कागदावर सिरॅमिकच्या रंगात छापलेलं चित्र, वर पातळ लेप. हे डीकॅल पाण्यात टाकलं की कागदापासून सुटतं, मग कारागीर ते एकेका कपावर हाताने बसवतो, रबरी पट्टीने खालचं पाणी आणि हवा काढतो, आणि मग माल भट्टीत जातो. ८०० अंशांच्या आसपास तापमानात तो रंग ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरात, मुरतो. त्यानंतर ते पुसत नाही, धुवून जात नाही, खरवडलं तर कप खराब होतो. (घराजवळच्या दुकानात फोटोवाला मग मिळतो ती वेगळी पद्धत, सब्लिमेशनची, तिथे कपावर आधीच लेप असतो आणि २०० अंशांच्या आत काम होतं.)

म्हणजे चुकीला थांबवायच्या जागा किती होत्या बघा. मजकूर लिहिताना एक. डिझायनरने मांडणी केली तेव्हा दुसरी. या धंद्यात कारखाना आर्टवर्कचं प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायचा नमुना, पाठवतो, ग्राहकाने ‘ओके’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाही, ती तिसरी. मग बऱ्याचदा एक-दोन नमुने बनवून फोटो किंवा खरा कप पाठवतात, ती चौथी. माल भरताना तपासणी होते ती पाचवी. आणि डीकॅल बसवणाऱ्या हातांनी तर ती ओळ १०,८०० वेळा बघितलेली आहे, पण त्यांना तुम्ही दोष देऊ शकत नाही, त्यांच्यासाठी ती नक्षी आहे. बाकी सगळ्यांसाठी ती भाषा होती आणि तरी कुणी वाचली नाही.

का वाचली नसेल? हे मी रोज बघतो. माणूस प्रूफमध्ये बारीक मजकूर वाचतो, फोन नंबर तपासतो, पत्ता तपासतो, आणि सगळ्यात मोठ्या टायपातलं शीर्षक सोडून देतो, कारण तिथे काय लिहिलंय ते त्याला आधीच माहीत असतं. लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्ताची मिनिटं चार जण तपासतात आणि वरती ‘शुभविवाह’मधली वेलांटी उलटी गेलेली असते. डोळा चित्रावर जातो, सोनेरी कडेवर जातो, राणीचा चेहरा नीट आलाय का, मुकुट कापला तर गेला नाही ना, आणि ‘ओके’ जातो. त्यात दुसरी अडचण तांत्रिक आहे. डिझाइन पूर्ण झालं की फाँटचा घोळ नको म्हणून अक्षरांचे कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरं आकृती बनतात. त्यानंतर कॉम्प्युटरसाठी तो शब्द उरतच नाही, स्पेलचेकला त्यात तपासायला काही सापडत नाही. आपल्या मराठी डीटीपीवाल्यांना तर याचा दुप्पट ताप, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि कर्व्ह केल्यावर ते शोधायला फक्त डोळे उरतात. पूर्वी छपाईचे खिळे जुळवायच्या काळात लोक अशा चुका मुद्राराक्षसाच्या नावावर खपवायचे. आता तो राक्षस फाइलमध्ये बसतो आणि एकदा सुटला की कप संपेपर्यंत थांबत नाही.

बरं, चूक झाली, लक्षात आली, मग पुन्हा का नाही छापलं? हा प्रश्न मला मित्रांनी विचारला. याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. एलिझाबेथ ६ फेब्रुवारी १९५२ ला गादीवर आली, म्हणून ७० वर्षं ६ फेब्रुवारी २०२२ लाच पूर्ण झाली, पण मोठा सोहळा ठेवला होता २ ते ५ जून, जोडून सुट्ट्या देऊन. माल विक्रीला निघाला मे महिन्यात. चीनहून ब्रिटनला जहाजाने माल यायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात, आणि ते वर्ष साधं नव्हतं, कोविडनंतर कंटेनरचे दर चढलेले, आणि शांघाय तर मार्चच्या शेवटापासून मे संपेपर्यंत लॉकडाऊनमध्ये बंद. विमानाने मागवायचं म्हटलं तर कप जड आणि फुटणारा, भाडं कपाच्या किमतीच्या वर जाणार. म्हणजे त्या क्षणी दुरुस्त माल सोहळ्याआधी दुकानात येणं शक्यच नव्हतं.

दुसरा पर्याय, चुकीच्या ओळीवर नवं डीकॅल चिकटवून पुन्हा भट्टी लावणं. होतं असं काम. पण त्यासाठी ब्रिटनमध्ये भट्टी पाहिजे, कारागीर पाहिजेत, एकेक नग हाताने करायचा, आणि तिकडची मजुरी धरली तर ज्या नगाची घाऊक किंमत ३ पौंड येते त्याच्यावर हा खर्च कुणी करणार नाही. तिसरा पर्याय फोडून टाकणं, म्हणजे पैसे पूर्ण बुडाले आणि वर कचरा उचलायचे वेगळे. आणि ठेवून द्यायचं म्हटलं तर सोहळ्याचा माल ठेवून काही उपयोग नसतो. तारखेच्या मालाचं हेच दुखणं आहे. राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी राख्यांचं दुकान लावून बघा.

मग उरला एकच रस्ता, जो त्यांनी घेतला. चूक लपवायची नाही, तीच पुढे करून विकायची. क्लिअरन्स कंपनीने जाहिरातच या चुकीवर केली आणि त्यामुळे एरवी कुणी ढुंकून बघितलं नसतं अशा मालाची बातमी झाली. धंदा म्हणून हा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. फक्त एक लक्षात घ्या, इथे गिऱ्हाईक बदललं. राणीवर मनापासून प्रेम करणारी आजी जो कप काचेच्या कपाटात ठेवणार होती, ती हा कप घेणार नाही. घेणारा वेगळा, त्याला गंमत पाहिजे. म्हणजे माल वाचला पण ज्याच्यासाठी बनवला होता तो माणूस सुटला.

आणि मला त्या आजीचं जास्त वाटतं. कुणी म्हणेल आपल्याला काय करायचंय त्यांच्या राणीचं, आपल्याकडे ज्युबिली म्हटलं की पुण्याला २२ जून १८९७ ची रात्र आठवते, व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ती. बरोबर आहे, मलाही त्या गादीचं काही कौतुक नाही. पण हे कप राजघराण्यासाठी बनत नाहीत, ते साध्या माणसांसाठी बनतात. ज्यांना राजवाड्याच्या आत कधी पाऊल ठेवायला मिळणार नाही त्यांच्या हातात त्या दिवसाची एवढीच एक वस्तू येते. ती स्वस्त असेल, रंग भडक असेल, राणीचं नाक जरा वाकडं आलं असेल, चालतं ते. स्वस्त असणं हा गुन्हा नाही. पण मजकूर वाचून पाठवायला एक पैसा जास्त लागत नाही, आणि तो वाचला नाही म्हणजे घेणाऱ्याला तुम्ही मोजलंच नाही. आपल्याकडे शिवराज्याभिषेकाच्या दिवसांत स्मृतिचिन्हं, मग, चौकटी विकायला येतात, त्यावर ‘क्षत्रियकुलावतंस’ चुकीचं छापलेलं दिसलं की आपल्याला लागतंच की. तसंच ते.

काही जण विचारतात की राजवाड्याची यावर देखरेख नसते का. असते, पण वेगळ्या गोष्टीवर. लॉर्ड चेंबरलेन या दरबारातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं कार्यालय राजघराण्याचे फोटो आणि चिन्हं वापरण्याचे नियम करतं, आणि राज्याभिषेक, लग्न, ज्युबिली अशा वेळी आठवणवस्तूंसाठी ते नियम काही काळ सैल करतात. अटी अशा की वस्तू अभिरुचीला धरून असावी, जाहिरात नसावी, आणि राजघराण्याने मान्यता दिलीय असा भास होऊ नये. स्पेलिंग कोण बघणार? ते बनवणाऱ्याचंच काम. याच ज्युबिलीसाठी अधिकृत बोधचिन्हही होतं, एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्पर्धेत काढलेलं, एकाच रेषेत मुकुट आणि त्यातच ७० चा आकडा, आणि ते लोकांना वापरायला खुलं होतं. राजघराण्याच्या संग्रहाचा विश्वस्त निधी स्वतः चिनीमातीची भांडी विकतो ती इंग्लंडमध्येच, स्टोक-ऑन-ट्रेंटला बनतात, हाताने सजवलेली, आणि त्या मानाने चांगलीच महाग. एकेकाळी असल्या सगळ्या कपांचं गावच स्टोक होतं. पुढे स्वस्त आयात आली, मोठमोठे कारखाने बंद पडले, वेजवूडसारखं नाव २००९ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. माल लांब गेला तसं ऑर्डर देणारा आणि छापणारा यांच्यातलं अंतरही वाढलं. भट्टीशेजारी बसलेला माणूस जर ती भाषा बोलणारा असता तर पहिल्या पेटीलाच ओरडला असता, एवढं मी नक्की म्हणेन.

अशी वेळ दुसऱ्यांवरही आली, त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये व्हॅटिकनने पोप फ्रान्सिस यांच्या पहिल्या वर्षाचं पदक काढलं, इटलीच्या सरकारी टांकसाळीत बनलेलं, आणि त्यावरच्या लॅटिन ओळीत येशूच्या नावाचं पहिलंच अक्षर चुकलेलं, तिथे ‘एल’ पडला होता. सहा हजारांवर पदकं होती, ती विक्रीतून मागे घेतली, तोवर मोजकीच गेली होती. तिथे मागे घेणंच योग्य, कारण विकणारा स्वतः धर्मपीठ आहे, चुकीचं हसू करून विकता येत नाही. उलट ऑस्ट्रेलियाच्या नव्या ५० डॉलरच्या नोटेवर, २०१८ च्या, अतिबारीक मजकुरात ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ शब्दातला एक ‘आय’ गळला, तोही तीन ठिकाणी, आणि हे लक्षात आलं मे २०१९ मध्ये. तोवर सुमारे ४ कोटी ६० लाख नोटा चलनात. त्यांनी काही परत घेतलं नाही, नोट खरीच आहे, पुढच्या छपाईत दुरुस्त करू म्हणाले. तेही योग्यच, कारण नोटेचं काम त्या ओळीवर अवलंबून नाही. कपाचं तसं नाही, आठवणीच्या कपाला त्या ओळीशिवाय दुसरं काम काय आहे? म्हणून त्याचं प्रूफ नोटेच्या बारीक मजकुरापेक्षा जास्त वाचायला पाहिजे होतं.

राजघराण्याच्या मालात याआधी जे मोठे घोळ झाले ते स्पेलिंगचे नव्हते, इतिहासच फिरला होता. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरलेला, कारखान्यांनी ढिगाने मग बनवले, आणि डिसेंबर १९३६ मध्ये त्याने गादीच सोडली. तारीख तीच ठेवून भावाचा, सहाव्या जॉर्जचा, राज्याभिषेक झाला. वेजवूडसाठी इंग्लिश चित्रकार एरिक रॅव्हिलियसने केलेलं डिझाइन मग बदलून जॉर्जसाठी वापरलं आणि १९५३ मध्ये एलिझाबेथसाठीही. २००५ मध्ये चार्ल्स आणि कॅमिला यांचं लग्न ८ एप्रिलला होतं, पण त्याच दिवशी पोप जॉन पॉल दुसरे यांचा अंत्यविधी आला म्हणून ९ वर गेलं, आणि ८ तारीख छापलेल्या वस्तू लोकांनी मुद्दाम शोधून घेतल्या. या दोन्हीत बनवणाऱ्याची चूक नव्हती. म्हणून मी त्यांना जब्लीच्या रांगेत बसवत नाही, जरी सगळे एकाच दमात त्यांची नावं घेतात.

माझ्याकडे कुणी असं काम घेऊन आलं तर मी आता दोन गोष्टी हट्टाने करतो. कर्व्ह करायच्या आधीचा मजकूर वेगळ्या पानावर साध्या काळ्या अक्षरात काढतो, चित्र नाही, रंग नाही, आणि ज्याने तो लिहिलेला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला देतो, शीर्षकापासून. आणि मालाचा पहिला नग तयार झाला की त्याचा जवळून फोटो मागवतो, मजकुराच्या बाजूने काढलेला, कारण कारखाने नेहमी चित्राची बाजू पाठवतात. गिऱ्हाईक कटकट करतं, चालतं मला.

आणि ज्यांनी यातला एखादा कप मिळवला असेल आणि पुढे सोन्याच्या भावाने विकायचा विचार असेल, त्यांनी एडवर्डचे मग आठवावेत. ते दुर्मिळ आहेत असा समज फार पसरलाय, पण बनले खूप, लोकांनी जपूनही खूप ठेवले, त्यामुळे साध्या मगला आजही फारसा भाव येत नाही, भाव येतो तो नावाजलेल्या डिझायनरच्या किंवा मोजक्याच बनलेल्या नगांना. जब्लीचे १०,८०० नग म्हणजे काही थोडे नाहीत, आणि सगळे एकसारखे. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी गेल्यावर त्या वर्षाच्या सगळ्याच वस्तूंकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात हे खरं, पण तेवढ्याने भाव चढेल असं मला वाटत नाही. घेतला असेल तर चहा प्या त्यातून, फक्त सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.